अडीच किलोसाठी पोरीचं ताट रिकामं करू नका

पत्र इंदूरहून आलंय, एका आईचं. नाव-गाव देत नाही. पत्र मोठं होतं, थोडक्यात तिच्याच शब्दांत देते.

"ताई नमस्कार. माझी मुलगी दहावीत आहे, यंदा तिला १६ पूर्ण होतील. दोन वर्षं झाली घराजवळच्या व्यायामशाळेत मॅटवर कुस्ती शिकतेय. आधी तिथे ३ मुली होत्या, आता ११ आहेत. अंडर-१७ ची जिल्हा ट्रायल १२ दिवसांवर आलीये. तिचं वजन ४८.५ किलो. उस्ताद म्हणतात ४९ किलोच्या गटात एक फार तगडी मुलगी आहे, तू ४६ च्या गटात उतर, मेडल पक्कं. तेव्हापासून रात्रीचं जेवण बंद, पाणी घोटभर, आणि माझा जुना रेनकोट घालून गच्चीवर दोरीच्या उड्या. मैत्रिणींचा सावन आपल्या श्रावणाच्या १५ दिवस आधी सुरू होतो ना, तर तिने त्यांचेही सोमवार धरले आणि आपलेही, वर शनिवार. सासूबाई खूश आहेत की नात देवाचं करतेय, पण मला माहितीये हे कशासाठी चाललंय. परवा कळलं की दोन महिने पाळी आलेली नाही. ती म्हणते बरंय ना आई, कटकट नाही. सासूबाईंचं म्हणणं, मुलीच्या जातीला कुस्ती हवीच कशाला. मिस्टरांना वाटतं मेडल आलं तर पुढे स्पोर्ट्स कोट्यात काम होईल. मी काय करू, सोडवू का कुस्ती?"

ताई, कुस्ती सोडवू नका. ४६ सोडवा. एवढं वाचून आज रात्री तिला नीट पोटभर वाढा, पुढचं उद्या सकाळी वाचलंत तरी चालेल.

आधी हिशोब बघू, कारण उस्तादांशी बोलताना तो तुमच्या तोंडावर पाहिजे. ४८.५ मधून ४६ म्हणजे अडीच किलो, तिच्या वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त. एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात, मग १२ दिवसांत अडीच किलो खरी चरबी घालवायची तर रोज १,६०० कॅलरी कमी पडल्या पाहिजेत, आणि सध्या ती पोर दिवसभरात खातेय तेच मुळी तेवढं नसेल. म्हणजे एवढी चरबी १२ दिवसांत जाणारच नाहीये. जातं काय तर मुख्यतः पाणी, आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर, जिच्या एका ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं म्हणून ती रिकामी केली की काटा भरभर खाली येतो आणि सगळ्यांना वाटतं वा, उतरतंय वजन. अहो पण हीच साखर पट काढताना, म्हणजे समोरचीचा पाय धरून पाडताना लागते. अंडर-१७ ची कुस्ती २-२ मिनिटांच्या दोन राउंडची, त्यात जो जोर लागतो तो बराचसा याच साठ्यातून येतो. तो घरीच संपवून पोरगी मॅटवर चढणार, तर ४६ किलोच्या, पोटभर जेवून आलेल्या मुलीसमोर ती तगडी कशी काय ठरणार, तुम्हीच सांगा.

आता पाळीचं. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण तुमच्या पत्रात हे सगळ्यात शेवटी आलंय आणि माझ्या मते ते सगळ्यात पहिलं आहे.

या वयात एखादा महिना इकडेतिकडे होतो, ते खरं. पण जी पाळी नियमित येत होती ती खाणं तोडल्यावर आणि कसरत वाढवल्यावर थांबली, तर शरीर सरळ सांगतंय की मला पुरत नाहीये. शरीराचं गणित साधं असतं, आलेल्या अन्नातून आधी ट्रेनिंगचा खर्च जातो, उरलेल्यात हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन्स सगळ्यांनी भागवायचं. उरलेलं फारच कमी पडलं की शरीर एकेक खातं बंद करत जातं आणि पाळी हे त्यातलं लवकर बंद होणारं खातं. खेळाच्या डॉक्टरांकडे याला नाव आहे, रेड-एस, रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, म्हणजे खेळाच्या मानाने खाणं कमी पडणं. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये यावर सविस्तर भूमिका मांडली, २०२३ मध्ये ती पुन्हा सुधारली. तुमच्या मुलीपुरता अंदाज मांडायचा तर चरबी सोडून तिचं शरीर ४० किलोच्या आसपास असेल, त्याला किलोमागे ४५ कॅलरी धरल्या तर १,८०० होतात, शिवाय ट्रेनिंगचे ४००-५००. म्हणजे रोज २,२०० ते २,३००. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती याच्या निम्म्यावर आहे. उपासाच्या दिवशी तर त्याहूनही खाली.

आणि पाळी थांबली की हाडांचंही नुकसान सुरू होतं. मुलींच्या हाडांचा जवळजवळ ९० टक्के साठा वयाच्या १८ पर्यंत भरतो. ही दोन-तीन वर्षं म्हणजे हाडांची भिशी भरायची वर्षं आहेत ताई, आत्ता हप्ता चुकला तर नंतर तो भरता येतोच असं नाही. नडगीत, पायाच्या पंज्यात बारीक फ्रॅक्चर होतात, दुखतं, पोरी सांगत नाहीत, आपण म्हणतो सरावाने दुखत असेल. म्हणून "कटकट नाही" हे तिचं वाक्य मला आवडलेलं नाही. तिला रागावू नका, तिला कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही सांगा.

याच आठवड्यात लेडी डॉक्टरकडे घेऊन जा. वजन, उपास, रेनकोट सगळं मोकळेपणाने सांगा. डॉक्टर थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलू म्हणाल्या तर तुम्ही खुशाल बाहेर बसा, मुली आईसमोर काही गोष्टी बोलत नाहीत. रक्त तपासा, सीबीसी तर हवंच, फेरिटिनही विचारा (अंगातला लोहाचा साठा त्यात कळतो), थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी चं डॉक्टर ठरवतील. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली अ‍ॅनिमिक निघाल्या होत्या, म्हणजे कुस्ती न खेळणाऱ्या पोरींची ही गत, आणि आपण खेळणारीचं ताट काढून घेतो. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती ती घेते का की मैत्रिणींसारखी फेकून देते, तेही विचारा. आणि पाळी आणायची गोळी दिली तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की खाण्याचं काय करायचं, कारण गोळीने रक्तस्राव येतो पण मूळ कारण तसंच राहतं.

तुमच्या उस्तादांबद्दल. त्यांना मी वाईट ठरवत नाहीये. त्यांना जे शिकवलं तेच ते शिकवतायत, वजन तोडणं हे आपल्याकडे पहिलवानकीचाच भाग मानतात. मी स्वतः हे केलंय. मी खेळाची टीचर होते तेव्हा १४ वर्षांच्या एका पोरीला सांगितलं होतं, दोनच दिवस काढ, मग खा काय खायचं ते. देवासला स्पर्धा होती, बसमध्ये ती च्युइंगम चघळत होती आणि एका बाटलीत थुंकत होती, का तर थुंकीनेही वजन जातं असं मोठ्या मुलींनी सांगितलेलं. मी शेजारी बसून बघत होते, मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. काट्यावर ती बरोबर भरली. पहिल्या कुस्तीत दुसऱ्या राउंडला तिच्या पायात गोळे आले, खाली बसली ती उठलीच नाही. पुढच्या वर्षी ती खेळायला आली नाही. मी घरी गेले तर तिची आई म्हणाली, मॅडम, वजनकाटा बघितला तरी ती रडते. तिचा डावा पट इतका सुंदर होता, इतका सफाईदार, मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. ती पोरगी कुस्तीतून माझ्यामुळे गेली.

मोठ्यांची उदाहरणं द्याल तर ती तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. विनेश फोगाट, पॅरिस ऑलिम्पिक, ६ ऑगस्ट २०२४. एका दिवसात तीन कुस्त्या जिंकली, त्यातली पहिली जपानच्या युई सुसाकीविरुद्ध, जी तोवर परदेशी पहिलवानाकडून हरलीच नव्हती. टोकियोत विनेश ५३ मध्ये खेळली होती, पॅरिसला ५० मध्ये उतरली होती. सकाळी वजनात बसली, दिवसभराच्या कुस्त्यांमध्ये खाणंपिणं झालं आणि रात्री काटा २.७ किलो वर. रात्रभर धावली, घाम काढला, केस कापले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त. फायनल गेली, मेडलही गेलं. अमन सेहरावतने त्याच पॅरिसमध्ये १० तासांत ४.६ किलो उतरवून ब्राँझ आणलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली, पण पुढच्या वर्षी झाग्रेबच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तोच अमन १.७ किलो जास्त भरला आणि मॅटवर न उतरताच परत आला. यांच्याबरोबर डॉक्टर, डाएटिशियन, फिजिओ सगळे होते. आपल्या पोरीबरोबर रेनकोट आहे.

आणि तो रेनकोट, ताई, आजच लपवा. पावसाळ्यातली ही उमस, त्यात प्लास्टिक, आत पाणी नाही. घाम सुकत नाही म्हणजे अंग गार होत नाही, आणि अंगातली उष्णता चढत गेली की माणूस दगावतो. १९९७ मध्ये अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबरच्या काही आठवड्यांत वजन तोडताना कॉलेजचे तीन पहिलवान मेले, तरणीताठी पोरं, रबरी सूट आणि गरम खोल्या. त्यानंतर तिथे नियम बदलले. शाळेच्या पातळीवर आता सीझनच्या सुरुवातीलाच लघवी तपासतात की पोर सुकलेली तर नाही, मग चरबी मोजतात आणि त्यावरून त्या मुलाचं किंवा मुलीचं कमीत कमी वजन ठरतं. मुलींसाठी १२ टक्के चरबीची रेघ आहे, त्याखाली नेणारा गट मिळतच नाही. वर आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही. तुमच्या लेकीला हे लावून बघा, आठवड्याला पाऊण किलोच्या आत बसतं, म्हणजे अडीच किलोला साडेतीन आठवडे, तुमच्याकडे १२ दिवस. आणि समजा तिची चरबी आज १६ टक्के असेल तर १२ टक्क्यांचं वजन येतं ४६.३, म्हणजे तिथे तिला ४६ चा दरवाजा बंदच असता. (घरचे ते पायाखाली करंट सोडून चरबी दाखवणारे काटे येतात, त्यावर विसंबू नका, पाणी कमी-जास्त झालं की आकडा कुठच्या कुठे जातो.)

मग उस्तादांकडे जा. एकट्या जाऊ नका, मिस्टरांना घेऊन जा, कारण मेडलची आशा त्यांनाच जास्त आहे आणि त्यांच्या तोंडून आलेलं उस्तादांना वेगळं वाटेल. सगळ्यांसमोर मॅटजवळ नको, सराव संपल्यावर. सरळ बोला, की उस्ताद तुमच्यावर भरवसा आहे म्हणूनच पोरगी पाठवतो, पण तिची पाळी बंद झालीये, डॉक्टरकडे नेतोय, ती ४९ मध्येच उतरेल, फॉर्मवर ४९ लिहा. पाळी हा शब्द मिस्टरांना उच्चारायला जड जाईल तर तुम्ही उच्चारा, लाजू नका, मुलींना कुस्ती शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकता आलाच पाहिजे. फॉर्म भरून गेला असेल तर बदलता येतो का विचारा, नसेल येत तर यंदाची ट्रायल सोडा. हो, सोडा. एका जिल्हा ट्रायलने काही बिघडत नाही. आणि डॉक्टरांनी तपासून थोडे दिवस सराव कमी करा म्हटलं तर ते आधी, ट्रायल नंतर.

ते ४९ मधल्या तगड्या मुलीचं म्हणाल तर मला विचाराल तर तीच तुमच्या लेकीची खरी कमाई आहे. तिच्याशी आत्ता हरली तर काय होईल? कळेल कुठे कमी पडतो, बचाव की दम की पकड. १६ व्या वर्षी मुलगी अजून वाढतेय, वर्षभरात ५१-५२ होईल, मग ५३ चा गट आहेच, तेव्हा परत ४६ कुठून आणणार? दर वर्षी वाढत्या शरीराला खाली दाबत राहायचं आणि दर वर्षी जरा जास्त दाबायचं, हे किती दिवस चालेल. ज्या वजनात शरीर आपणहून राहतं तिथे ताकद वाढवायची, डाव वाढवायचे. एखाद किलो खरंच उतरवायचा असेल तर तो मोठेपणी, स्पर्धा नसताना, डाएटिशियनला विचारून, आणि पाळी नियमित असताना. आत्ता नाही.

कुणी मेडिकलमधून लघवीची गोळी आणायचा सल्ला दिला, देतात हो लोक, तर सांगा की ती डोपिंगच्या बंदी यादीत आहे आणि सापडली तर पोरीवर बंदी येते. जुलाबाची गोळीही नको.

आता ताट. मी डाएट चार्ट देत नाही, चार्ट फ्रिजवर लागतात आणि पोरी त्यातलं अर्धं वगळतात. घरात जे होतं त्यातूनच करू. सकाळी ६ ला सराव असेल तर रिकाम्या पोटी पाठवू नका, एक केळं किंवा गुळाचा लाडू आणि पाणी. आल्यावर पोहे, तर पोहेच, आपल्या इंदूरच्या माणसाचे पोहे कोण सोडवणार, पण नुसते पोहे आणि वर शेव म्हणजे पहिलवानाचा नाश्ता झाला नाही, बरोबर दोन अंडी, अंडी चालत नसतील तर मोड आलेली मटकी किंवा पनीर, आणि दूध. जिलेबी रविवारी खाऊ द्या, तिच्यावर जिलेबीचा पहारा ठेवू नका. शाळेच्या डब्यात दोन-तीन पोळ्या, उसळ किंवा घट्ट वरण, भाजी. ट्यूशनला जाण्याआधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे. रात्री भात-वरण-तूप-लिंबू पोटभर, भाजी, दही. भात खाऊन वजन वाढतं म्हणून भात बंद करणाऱ्या मुली मी इतक्या बघितल्यात, कुस्तीला तोच लागतो.

प्रोटीन दिवसाला ७०-७५ ग्रॅम जायला हवं. अंड्यात ६, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांमध्ये २५. आपला माळवा सोयाबीनचा, खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी आहे, आणि घरात सोयाबीन म्हटलं की नाकं मुरडतात. वड्या भिजवून पिळून मटणासारख्या मसाल्यात करा, चालतात. डब्याची महागडी पावडर मला नको वाटते, ती कुठली आणि त्यात काय मिसळलंय याचा पत्ता नसतो. पाणी मोजून देऊ नका आणि मोजून तोडूही नका, लघवी फिकट पिवळी असली म्हणजे पुरतंय, गडद झाली की कमी पडतंय, हे तिला शिकवा, ती स्वतःच बघेल.

वजन रोज करणं बंद. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच कपड्यात. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाणी धरल्याने किलोभर जास्त दिसू शकतं, ते चरबीचं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा नाहीतर त्या एका सकाळी परत रेनकोट बाहेर येतो.

ट्रायल खेळलीच तर त्या दिवसाचं थोडं. ४८.५ वर ती आहेच ४९ च्या आत, मोठ्या स्पर्धांत सिंगलेटसकट, म्हणजे कुस्तीच्या घट्ट पोशाखासकट वजन होतं आणि सिंगलेटची सूट मिळत नाही, तेवढं धरून चाला. आदल्या रात्री नेहमीचं जेवण, थोडं लवकर, खारवलेलं आणि पापड-लोणचं कमी. काट्यावरून उतरली की लगेच ओआरएस किंवा मीठ-साखरेचं लिंबू सरबत घोट घोट, केळं, थोड्या वेळाने दहीभात नाहीतर साधे पोहे. तूप-बदाम-दूध तेव्हा नको, पोटात जड राहतं आणि कुस्ती तासा-दोन तासांत लागते. नखं आदल्या दिवशीच कापून ठेवा, मेडिकल तपासणीत बघतात, आणि अंगावर कुठे नायटा असेल तर तो आधीच दाखवून औषध घ्या, तेवढ्यावरून परत पाठवतात. चक्कर, असंबद्ध बोलणं, तासन्तास लघवी नाही, अंग तापलेलं, यातलं काही दिसलं तर कुस्ती-बिस्ती सोडून सरळ दवाखाना.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली, की ३ च्या ११ झाल्या. मी लहान होते तेव्हा इंदुरात व्यायामशाळेत आम्हाला लेझीम आणि फार तर दोरीचा मल्लखांब, मातीत पाय ठेवायचा नाही. अनंत चतुर्दशीच्या झांकीत, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीत, आखाडे निघायचे ते आम्ही राजवाड्याजवळ उभं राहून बघायचो. आता ११ पोरी मॅटवर. तिकडे अमेरिकेत १९९० मध्ये सगळ्या हायस्कुलांत मिळून ११२ मुली कुस्ती खेळत होत्या, २०२३-२४ ला ६४ हजारांच्या वर गेल्या. नुसत्या त्या वजनाच्या नियमांनी इतक्या पोरी आल्या असं मी म्हणत नाही, मुलींचे वेगळे गट झाले, वेगळ्या स्पर्धा झाल्या, पण आपली मुलगी वजनासाठी मरणार नाही एवढी खात्री असली की आई-बाप पोरीला खेळायला सोडतात. इथे तो नियम कुणी आणून देईपर्यंत तुम्हा ११ पोरींच्या आयांनाच बघावं लागेल. दोघी-तिघी बोला आधी, मग सगळ्या. मुलींचं वजन बाईनेच करायचं, पडद्याआड, आकडा मोठ्याने ओरडायचा नाही, भिंतीवर लिहायचा नाही. "जाडी झालीस" हे कुणी म्हणायचं नाही, मुलांनीही नाही. कपडे बदलायला कडीची खोली हवी. मुलींच्या सरावाच्या वेळी एक बाई तिथे हवीच, कोच नसली तर एखादी आई, आळीपाळीने. आणि १७ च्या आतल्या कुणालाही ट्रायलच्या महिन्यात गट खाली करायला सांगायचं नाही, एवढं उस्तादांकडून कबूल करून घ्या. नव्या ८ जणी तुमच्या मुलीकडे बघून शिकतायत हे लक्षात आहे ना, तिने जेवण सोडलं तर त्या पण सोडतील. ती १६ ची, त्यातल्या काही ११-१२ च्या असतील.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, त्याच तुमच्या सगळ्यात कामाच्या आहेत. त्यांना सांगा की मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. आपल्याच मध्य प्रदेशातली, छिंदवाड्याकडची शिवानी पवार २०२१ ला बेलग्रेडहून अंडर-२३ वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर घेऊन आली. पण हे नंतर सांगा. आधी त्यांना एकटं गाठून खरं काय ते सांगा, की हे उपास देवाचे नाहीत, वजनाचे आहेत, आणि नातीची पाळी थांबलीये. त्यांना ते लगेच कळेल, तुमच्या-माझ्याआधी कळेल. उपास आजीनेच सोडवायचा, आईने सोडवला तर भांडण होतं, आजी म्हणाली की वाढत्या वयात दोन-दोन पंचांगांचे सोमवार धरायचे नसतात बाळा, तर ती ऐकेल. आणि त्यांना अळिवाचे लाडू करायला सांगा, बाळंतिणीला करतात तसे, नारळ-गूळ घालून, अळिवात लोह भरपूर असतं. सकाळी सराव करून आली की एक, नाश्त्याबरोबर, वर लिंबू पिळलेलं काहीतरी म्हणजे लोह अंगी लागतं, आणि चहा त्याच्याबरोबर नको, तासाभराने द्या.